सेनापतीच्या आत चालणारी बाई

सहा फूट उंची, रेड्यासारखी मान, छातीवर लोखंडी पत्रा आणि दाढी अशी, की चिमण्यांनी बिनदिक्कत घरटं करावं. गेममधला तो सेनापती तटावरून चालत आला की खेळणारी पोरं श्वास रोखून बसायची. काय ती चाल! घाई नाही, ऐट नाही, पण वाटेत उभं राहायची कुणाची छाती नाही. तर हा सेनापती म्हणजे बावन्न वर्षांची, पाच फूट दोन इंच उंचीची, एका कमावत्या लेकीची आई असलेली बाई होती. थट्टा नाही, खरंच.

आणि सेनापतीच कशाला? त्याच गेममधला लोहार तीच, नावाडी तीच, दोन पहारेकरी तीच आणि शेवटच्या लढाईत कोसळणारा म्हातारा राजाही तीच. त्या राजाला पाडायला तिने दिवसभरात एकवीस वेळा जमिनीवर अंग टाकलं. एकविसाव्या वेळी ती पडल्यापडल्याच म्हणाली, "मेला एकदाचा. आता कुणी उठवू नका त्याला."

तिचं नाव कुणी घेत नसे. सगळे तिला मुकादम म्हणत. ती होतीच मुकादम. गेम बनवणारी ही कंपनी तिसऱ्या मजल्यावर आणि तळमजल्यावर मालाचं गोदाम. त्या गोदामात चौदा हमालांवर तिने अकरा वर्षं हुकमत गाजवली होती. एके सकाळी लिफ्ट बंद पडली आणि तिसऱ्या मजल्याचं खोकं घेऊन ती स्वतःच खांद्यावरून वर आली. बघते तर मोठ्या हॉलमध्ये काळ्या घट्ट पोशाखातला एक किडकिडीत नट रिकामं खोकं उचलायचं नाटक करतोय. अंगभर चकाकणारे मणी चिकटवलेले आणि तोंड असं वाकडं केलेलं, जणू दाढ उपटताहेत. मुकादमने तीनदा बघितलं. चौथ्यांदा तिला राहवेना.

"अरे, ते खोकं आहे की फुगा? माणूस आधी पाय रोवतो, मग श्वास घेतो, मग हात घालतो. तू आधी तोंडच वाकडं करतोस!"

आणि खांद्यावरचं खोकं खाली ठेवून तिने ते पुन्हा उचलून दाखवलं. कॅमेरे सांभाळणारा माणूस खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "बाई, हा पोशाख घालून एकदा कराल का?"

झालं. त्याला आता सहा वर्षं झाली. काम सोपं नव्हतं, पण सांगायला सोपं आहे. छताला चोवीस कॅमेरे आणि त्यांना दिसतात फक्त अंगावरचे मणी. आधी हात आडवे पसरून ताठ उभं राहायचं, मग चालायचं, पळायचं, पडायचं. पडद्यावर नुसत्या ठिपक्यांचा माणूस तसंच करतो. मागाहून चित्रकार त्या ठिपक्यांवर मांस चढवतात, चिलखत चढवतात, दाढी चिकटवतात. चाल मात्र ज्याची त्याची राहते. बस चालवणारा तिचा नवरा लोकांना सांगायचा, "आमची ही रोज सकाळी नऊला जाऊन पुरुष होते आणि सहाला परत येऊन माझ्यावर ओरडते."

एका रविवारी लेक घरात तो गेम खेळत बसली होती. लेक इस्पितळात नर्स, सुट्टी महिन्यातून दोनदा, आणि त्यातली एक ती अशी लढाया करण्यात घालवायची. अचानक ती किंचाळली, "आई! हा दाढीवाला तू आहेस!"

"कशावरून गं?"

"वळताना आधी डावा खांदा खाली जातो बघ. बाजारातून पिशव्या घेऊन येताना तू अश्शीच वळतेस."

मुकादमची मान ताठ झाली. तिने सासूबाईंनाही हाताला धरून टीव्हीसमोर आणलं. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, काठी टेकत चालणाऱ्या, पण नजर घारीची. त्यांनी सेनापतीकडे बघून मान डोलावली. मग लेक सेनापतीला घेऊन शहरातल्या गल्ल्यांत शिरली आणि तिथे बायका दिसायला लागल्या. दुकानदारीण, दाई, सैनिक बाई, कडेवर पोर घेतलेली बाई. सगळ्या एकाच तऱ्हेने चालत होत्या. पावलापुढे पाऊल नेमकं एका रेघेत आणि कंबर अशी डावी-उजवी, की बघणाऱ्याला गरगरावं.

"या सगळ्यांना एकदमच मुंग्या चावल्यात का?" सासूबाईंनी विचारलं. "आणि ती म्हातारी बघ. काठी घेतलीय तरी कंबर थांबत नाही मेलीची! माझ्या वयाची ना ती? दोन पावलांत तोंडावर आपटेल."

तिघी पोट धरून हसल्या. हसणं ओसरल्यावर लेक सहज म्हणाली, "आई, तुला नेहमी पुरुषच का करतात गं? एकदाही बाई नाही?"

मिळेल ते काम चोख करायचं, एवढंच मुकादमला ठाऊक. पण तो प्रश्न काही तिच्या डोक्यातून जाईना. भांडी घासताना आठवला, बसमध्ये आठवला, पोशाखाची चेन ओढताना आठवला.

त्यानंतर महिनाभराने नवा गेम आला आणि त्यात पहिल्यांदाच नायिका होती. चौदाव्या वर्षापासून खाणीत दगड वाहणारी बाई. खाण कोसळते, भाऊ जखमी होतो, त्याला पाठीवर घेऊन ती वर येते आणि मग सगळ्या मजुरांची पुढारी होते. मुकादमने ती गोष्ट बसमध्ये वाचली आणि तिचा थांबा मागे गेला. उलट चालत येताना तिने मनाशी पक्कं केलं: ही माझी. ही दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही. आयुष्यात तिने कशावर असा हक्क सांगितला नव्हता. नवऱ्यावरसुद्धा नाही.

सोमवारी भिंतीवर कामाचा तक्ता लागला. मुकादम: खाणमालक, शिपाई, तीन मजूर आणि एक खेचर. नायिका: साठ्यातली जुनी स्त्री-चाल वापरावी.

"साठ्यातली म्हणजे?" तिने मुख्य चित्रकाराला विचारलं. हा उंचापुरा गडी जाड भिंगांमुळे चष्मेवाला म्हणून ओळखला जायचा. कंपनीतला सगळ्यात जुना माणूस, स्वभावाने गरीब.

"ती आहे ना, सगळ्या बायकांना लावतो ती," तो पडद्यातून मान वर न काढता म्हणाला. "आठ वर्षं चाललीय. चांगली आहे."

मुकादम तडक मोठ्या साहेबांच्या खोलीत गेली. साहेब वाईट माणूस नव्हता. सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवायचा, कुणी आजारी पडलं तर स्वतः गाडीने घरी सोडायचा. त्याने तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"मुकादम, तुमच्यासारखं काम कुणी करत नाही. पण नायिकेचं वेगळं असतं. खेळणारा तासन्‌तास तिच्या मागून चालतो. त्याला बाई बाईसारखी वाटली पाहिजे ना?"

"आणि मी कशासारखी वाटते?"

साहेबाने चहाच्या कपात तोंड घातलं. "तसं नव्हे हो. तुमची चाल म्हणजे... दमदार आहे."

"मग दगड वाहणारी ती पोर काय मेणाची आहे?"

"जगात सगळीकडे बायका अशाच दाखवतात, मुकादम. मी एकट्याने काय करू?"

"जगात मीपण चालते, साहेब. रोज चालते."

तिची एक सवय होती. राग आला की तिचा आवाज चढायचा नाही, खाली जायचा. गोदामातल्या हमालांना ते पक्कं माहीत होतं, आवाज उतरला की ते मुकाट्याने कामाला लागत. साहेबाला माहीत नव्हतं. त्याला वाटलं, बाई निवळली.

"एक करू," ती हळूच म्हणाली. "उद्या सगळ्यांना हॉलमध्ये बोलवा. मी पाच चाली दाखवते. चेहरा नाही, कपडे नाहीत, नुसते ठिपके. त्यातली बाई कोणती ते तुम्ही ओळखायचं. ओळखलीत तर मी खेचर होते, वर शेपटीसुद्धा हलवते. चुकलात तर नायिका माझी."

साहेबाला पैजेची हौस होती. त्याने टेबलावर थाप मारली. "कबूल!"

दुसऱ्या दिवशी अकरा माणसं हॉलमध्ये जमली. कॅमेरेवाल्याने दिवे मंद केले आणि एकामागून एक पाच ठिपक्यांची माणसं मोठ्या पडद्यावर इकडून तिकडे चालत गेली. चौथी चाल आली तसे सगळे हसले. तीच ती, कंबर डावी-उजवी.

"हीच!" साहेब म्हणाला. अकराच्या अकरा हात वर झाले. फक्त चष्मेवाल्याचा हात जरा उशिरा गेला आणि अर्धाच गेला. "यात अवघड ते काय? बाकी चौघे पुरुष. दुसरा तर आपला सेनापती, मी छातीठोक सांगतो."

"दुसरी मी," मुकादम म्हणाली. "पाचवीही मी. पाचांत दोन वेळा बाई चालून गेली आणि दोन्ही वेळा ती तुम्हाला दिसली नाही."

"ते मान्य. पण चौथी तर ओळखली ना आम्ही!"

"चौथी बाई नाहीच."

तिने कॅमेरेवाल्याला ती चाल पुन्हा लावायला सांगितली आणि पडद्याजवळ जाऊन उभी राहिली.

"अकरा वर्षं मी माणसांच्या चाली बघत पगार घेतलाय. कोण दमलाय, कुणाचा गुडघा दुखतोय, कोण घरून भांडून आलाय, हे मला दारातून कळायचं. ही कंबर बघा. ती चालण्याने हलत नाहीये, कुणीतरी मुद्दाम हलवतंय. पाऊल बघा. केवढं लांब पडायला निघतं, मग काहीतरी आठवल्यासारखं आखडतं. खांदे तर दार अडवतील असे. हा चांगला उंच माणूस आहे आणि तो लाजतोय."

प्रत्येक चालीच्या सुरुवातीला चालणाऱ्याची मापं नोंदवून ठेवतात, नाहीतर ठिपके पुढे जुळत नाहीत. कॅमेरेवाल्याने जुनी नोंद उघडली आणि मोठ्याने वाचायला लागला. उंची पाच फूट अकरा इंच. वजन ब्याऐंशी किलो. बूट दहा नंबर. पुढचं नाव त्याने वाचलं नाही. वाचायची गरजच राहिली नाही. चष्मेवाल्याचे कान टोमॅटोसारखे झाले होते.

"काय करणार होतो?" तो म्हणाला. "आठ वर्षांपूर्वी आम्ही तिघंच होतो इथे. बायकांसाठी एक चाल हवी होती, दोन दिवसांत. मी टीव्हीवरच्या जाहिराती बघितल्या आणि चाललो. मग ती सगळ्यांना आवडली, आणि सांगायचं राहूनच गेलं."

असा हशा उठला की विचारू नका! साहेबाच्या तर डोळ्यांतून पाणी आलं. आठ वर्षं, चार गेम, शेकडो बायका, दाईपासून म्हातारीपर्यंत, आणि सगळ्यांच्या आत हा चष्मेवाला! मुकादमही हसली, कंबरेवर हात ठेवून मनसोक्त हसली.

"अरे पण, एखाद्या बाईला तरी विचारायचंस," ती डोळे पुसत म्हणाली.

"इमारतीत बाईच नव्हती हो तेव्हा."

मुकादमचं हसू थांबलं.

"मी होते," ती म्हणाली. "तळमजल्यावर. रोज सकाळी तू माझ्या हातगाड्यांमधून वाट काढत वर यायचास. सांभाळून जा रे, असं मी म्हणायचे तुला. रोज म्हणायचे."

चष्मेवाल्याने चष्मा काढला आणि उगाच पुसत बसला. "दिसायचात तुम्ही. म्हणजे, मुकादम म्हणून दिसायचात. बाई म्हणून... खरंच डोक्यात आलं नाही."

तिला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं आणि ते तिने लपवलंही नाही. "तेच तर म्हणतेय मी. काम करताना दिसली की तुमच्या लेखी ती बाई उरत नाही. मग बाई म्हणून तुम्ही असलं काहीतरी घरीच करून घेता."

साहेब उठला. शब्दाला पक्का माणूस. "नायिका तुमची, मुकादम."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या कोण?"

"या गेममध्ये चौतीस बायका आहेत. मी मोजल्यात. नायिका माझ्यासारखी चालणार आणि बाकीच्या तेहतीस याच्यासारख्या? वेड्या दिसतील सगळ्या."

साहेबाला वाटलं, आता ही सापडली. "म्हणजे चौतीसच्या चौतीस तुमच्याच चालीने चालवायच्या?"

"छे! मग याच्यात आणि माझ्यात फरक काय? मी बायका आणते."

"शुक्रवार संध्याकाळपर्यंत," साहेब म्हणाला. "शनिवारी पुढचं काम सुरू होतं. तोवर ज्यांच्या चाली येणार नाहीत त्यांना जुनीच लागेल. माझा नाइलाज आहे."

बुधवारी तिने नायिका केली. खाणीतून वर येण्याच्या प्रसंगाला पाठीवर भाऊ हवा होता. वाळूचं पोतं द्यायला निघालेल्या कॅमेरेवाल्याला तिने थांबवलं आणि चष्मेवाल्याला बोट केलं. "ब्याऐंशी किलो ना? ये." लाकडी पायऱ्या चौदा. पहिल्या पायरीपासून तो तिच्या कानात माफी मागायला लागला. पाचव्या पायरीवर ती धापा टाकत म्हणाली, "गप्प बस. तू बेशुद्ध आहेस." वर पोचली तेव्हा तिचे पाय लटपटत होते आणि ते लटपटणंही कॅमेऱ्यांनी जसंच्या तसं टिपलं.

शुक्रवारी सकाळपासून जिन्यात बायकांची रांग लागली. गोदामातल्या तिघी हमाल, लेकीच्या पाळीतल्या चार नर्स, नवऱ्याच्या बसवरची कंडक्टर, आठवा महिना लागलेली शेजारीण, मुकादमची थोरली जाऊ, शाळेतल्या दोन बाई. पोशाख सगळे पुरुषांच्या मापाचे. कुणाच्या बाह्या लोंबताहेत, कुणाला छातीशी चेन लागत नाही. कॅमेरेवाला गुडघ्यांवर बसून टाचण्या आणि चिकटपट्ट्या लावत होता आणि त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. शेजारणीच्या पोटावर मणी लावताना तर तो इतका अवघडला, की तिनेच त्याच्या हातातून घेऊन ते लावले.

पण खरी पंचाईत वेगळीच निघाली. हात पसरून उभी राहीपर्यंत प्रत्येक बाई ठीक असायची. "चाला" म्हटलं, की ती छान चालायला लागायची. दिवसाला दहा मैल तुडवणारी नर्स नाजूक पावलं टाकायला लागली. धावत्या बसमध्ये पाय फाकवून तोल सांभाळणारी कंडक्टर काचेवरून गेल्यासारखी गेली. चाळीस किलोचं खोकं हसत नेणारी हमाल तर चक्क लाजली. चष्मेवाल्याचीच चाल, फक्त जरा कमी.

"अगं, वॉर्डातली बेल वाजतेय!" मुकादम ओरडली आणि नर्स सुटली. "मागच्या दाराने फुकट्या चढलाय बघ!" आणि कंडक्टर निघाली. एकेकीला असं जागं करावं लागलं. दुपारी तीनपर्यंत बत्तीस झाल्या. ज्यांना वेळ होता त्यांनी दोन-दोन, तीन-तीन केल्या, एकदा भरल्या हातांनी, एकदा रिकाम्या. उरली ती काठीवाली म्हातारी.

चारला नवरा सासूबाईंना घेऊन आला. काळ्या पोशाखात त्या सुकलेल्या शेंगेसारख्या दिसत होत्या आणि त्याचं त्यांनाच फार हसू येत होतं. काठीलाही दोन मणी लागले. त्या हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या. रांगेतल्या बायका घरी न जाता भिंतीला टेकून थांबल्या होत्या. साहेब दारात येऊन उभा राहिला.

"कशी चालू?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्ही चालता तशा," मुकादम म्हणाली.

"म्हणजे कशी?"

"म्हणजे तुमची जी चाल आहे ती. नेहमीची."

सासूबाई विचारात पडल्या. "नेहमीची म्हणजे कुठली गं? लहानपणी आई म्हणायची, पाय आपटू नकोस. लग्न झालं तर सासू म्हणाली, पुरुष बसलेत, भिंतीच्या कडेने जा. आता तो डॉक्टर म्हणतो, जपून चाला. तुझी तू चाल, असं कुणी म्हणालंच नाही मला. थांब जरा. आठवू दे."

सगळे थांबले. चोवीस कॅमेरे सुरू होते आणि पडद्यावर एक ठिपक्यांची म्हातारी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. मुकादमला काहीतरी ओरडून सांगायचं होतं, बेल वाजतेय, बस सुटतेय असं काहीतरी. पण सासूबाईंसाठी काय ओरडावं ते तिला सुचेना. पस्तीस वर्षं एका घरात राहून सुचेना, याची तिला लाज वाटली.

मग सासूबाईंनी काठी आपटली आणि त्या निघाल्या. हॉलच्या मधोमध, सरळ, पाय चांगले आपटत, मान वर करून. काठीच्या आवाजाने लाकडी जमीन दणाणली. पलीकडच्या भिंतीपाशी पोचून त्या वळल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"झालं, आजी," कॅमेरेवाला म्हणाला. "एकदम फक्कड आलंय. बसा आता."

"तुझं झालं असेल," सासूबाई म्हणाल्या. "माझं कुठे झालंय?"

आणि त्या पुन्हा निघाल्या.